टँडेम टपावर दर वेळी ढिली पडते? कॅरियर निवडण्यापासून बांधण्यापर्यंत

तक्रार ठरलेली असते. बेळगावातून निघताना टँडेम, म्हणजे दोघांनी मागे-पुढे बसून चालवायची लांब सायकल, गाडीच्या टपावर घट्ट बांधलेली असते, हलवून बघितलेली असते. जांबोटी सोडून कणकुंबीपर्यंत जाईतो पट्टा सैल पडतो, मागचं चाक ट्रेच्या, म्हणजे सायकल ठेवायच्या लांब पट्टीच्या, कडेला सरकतं आणि पुढचं चाक काढून चिमटा (फोर्क) ज्यात अडकवतात ती पकड तिरकी झालेली दिसते. मग पट्टा बदलला जातो, नवा आणखी करकचून आवळला जातो, आणि पुढच्या खेपेला चोर्ला घाटात पुन्हा तेच. निपाणी-संकेश्वर बाजूला महामार्गावर हादरे कमी बसतात, पण तिथे मोठा ट्रक शेजारून गेला की सायकलची शेपूट डावी-उजवीकडे झुलते आणि शेवट तसाच होतो.

याचं मूळ पट्ट्यात क्वचितच सापडतं. ते लांबीत असतं. साध्या सायकलच्या दोन आसांमधलं अंतर एक मीटरच्या आसपास असतं. टँडेमचं १७० ते १८० सेंमी. एकूण लांबी २.४ मीटरच्या घरात. वजन हलक्या टँडेमचं १६ ते २० किलो, जाड स्टील पाइपची असली तर २५ च्याही पुढे. दुकानात मिळणारा ट्रे साध्या सायकलच्या मापाने, साधारण १४० ते १५० सेंमीचा बनवलेला असतो. त्यावर टँडेमचा चिमटा पुढे बसवला की मागचं चाक ट्रेच्या पलीकडे जातं. लोक मग ते चाक टपावर बसवलेल्या आडव्या बारलाच दोरीने बांधतात, किंवा ट्रेखाली लाकडी पट्टी जोडून वेळ मारून नेतात.

तिथे काय होतं ते आकड्यात बघा. चिमट्याची पकड १०० मिमी रुंद. मागचा आस तिथून १७५ सेंमी लांब. मागच्या चाकाला आडवा फक्त पाच किलोचा धक्का बसला, तरी पुढे चिमट्याच्या दोन टोकांवर ८५-९० किलोची उलटसुलट ओढ पडते: एक टोक पुढे, एक मागे. खराब रस्त्यावर हे मिनिटाला कित्येकदा होतं. पकडीचा खटका कितीही चांगला असला तरी तो हळूहळू सरकणारच, आणि तो सरकला की मागचा पट्टा आपोआप सैल होतो. म्हणून मागचं चाक आडवं हलणार नाही याची सोय आधी, पुढची पकड आवळणं नंतर.

आधी हलवून बघा, मग पाना हातात घ्या

सायकल बांधून झाल्यावर एकाने मागच्या चाकाची रिम धरून डावी-उजवीकडे जोरात हलवायची. दुसऱ्याने डोळा टपाच्या पातळीत ठेवून नेमकं काय हलतंय ते बघायचं. चार शक्यता आहेत.

सायकल ट्रेवर हलते, ट्रे स्थिर: चिमट्याची पकड किंवा मागच्या चाकाचे पट्टे.

ट्रे आडव्या बारवर हलतो: यू-बोल्ट, त्याखालची पट्टी, किंवा बारचा आकार आणि क्लॅम्पचा आकार जुळत नाही.

बार गाडीवर हलतो: पाय नीट बसलेले नाहीत. दाराच्या चौकटीला अडकणारे पाय असतील तर रबराखाली माती आहे का ते आधी बघा. खानापूर-जांबोटी पट्ट्यातली लाल जांभ्याची धूळ रबराखाली बसली की पाय सरकतो आणि रंगही खरवडतो. ओल्या फडक्याने टप आणि रबर दोन्ही पुसून, कोरडं करूनच पाय बसवा.

आख्खी गाडी स्प्रिंगवर डुलते आणि वर काहीच हलत नाही: बांधणी बरोबर आहे.

सैल काय आहे हे कळल्याशिवाय काहीही आवळू नका. बारचा पाय सैल असताना वरचा पट्टा आवळत राहिलं तर चिमट्यावरचा ताण तेवढा वाढतो.

गाडीमागचं कॅरियर या कामाचं का नाही

डिकीला पट्ट्यांनी अडकवायचं कॅरियर स्वस्त पडतं आणि सायकल टपावर उचलावी लागत नाही, म्हणून पहिला विचार त्याचाच होतो. पण स्विफ्ट किंवा अर्टिगाची रुंदी १७३ सेंमीच्या आसपास आहे. २४० सेंमीची टँडेम आडवी अडकवली की दोन्ही बाजूंनी एक-एक फुटाहून जास्त बाहेर येते. पुढचं चाक काढलं तरी दोन मीटरच्या वर उरते. शहापूरच्या गल्लीतून किंवा खानापूरच्या बाजारातून दुचाकीवाले गाडीला घासून जातात, त्यांना हे टोक शेवटच्या क्षणी दिसतं. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ (१-अ) प्रमाणे गाडीच्या बाजूबाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात ती अडचण निराळीच. मागच्या दारावरच्या स्टेपनीला बसणारं कॅरियर असेल तर बिजागरीवर लांब दांड्याने भार पडतो. टँडेमसाठी दोन्ही प्रकार सोडून द्या.

सायकल टपावर, लांबीत, गाडीच्या दिशेनेच जायला हवी.

गाडीचा टप काय झेलतो

गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. बऱ्याच छोट्या-मध्यम गाड्यांना ती ५० ते ७५ किलो असते. रेनॉ ट्रायबरच्या टपावरच्या रेलसाठी (कडेच्या दांड्यांसाठी) कंपनीने ५० किलो सांगितले आहेत. ही मर्यादा आडवे बार, ट्रे आणि सायकल धरून. दोन बार ५-६ किलो, लांब ट्रे ६-७ किलो, टँडेम २० किलो: ३१ ते ३३ किलो झाले. म्हणजे ५० किलोच्या टपावर टँडेमसोबत आणखी एक साधी सायकल कशीबशी बसेल, सामानाची बॅग नाही.

टपावर रेल दिसते म्हणून ती भार झेलतेच असं समजू नका. बऱ्याच गाड्यांवरची रेल शोभेची असते, दुतोंडी टेप आणि दोन स्क्रूवर उभी. मॅन्युअलमध्ये भार लिहिलेला नसेल तर ती शोभेचीच धरा आणि दाराच्या चौकटीला अडकणारे पाय वापरा. ओम्नी, जिप्सीसारख्या जुन्या गाड्यांना टपाच्या कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ असते. तिला अडकणारे क्लॅम्प टँडेमसाठी फार चांगले, कारण दोन बारांमधलं अंतर हवं तेवढं वाढवता येतं.

हे अंतर महत्त्वाचं आहे. छोट्या हॅचबॅकवर बारांमध्ये ७०-७५ सेंमी मिळतात, लांब गाडीवर ९० ते १०० सेंमी. टँडेमसाठी गाडी जितकं देईल तितकं घ्या. ७० सेंमीच्या खाली पावणेदोन मीटरचा पल्ला सावरत नाही. तेव्हा ट्रेच्या पुढच्या टोकापासून पुढच्या टोइंग हुकापर्यंत दोन दोऱ्या तिरक्या ओढाव्याच लागतात.

कोणत्या प्रकारचा ट्रे

पुढचं चाक न काढता उभी ठेवायची, मधल्या पाइपला दांड्यासारख्या हाताने पकडणारी कॅरियर साध्या सायकलसाठी सोयीची. पण त्यांची मर्यादा बहुतेक १५ ते २० किलोची असते, आणि पकडणारा हात टँडेमच्या वजनाच्या मध्यापासून खूप पुढे येतो. टँडेमला चिमटा पकडणारा लांब ट्रेच लागतो. परदेशी कंपन्या फक्त टँडेमसाठी असे ट्रे करतात. काहींमध्ये पुढची पकड फिरती असते, म्हणजे गाडीच्या बाजूला उभं राहून आधी चिमटा अडकवायचा, मग मागचं चाक उचलून सायकल सरळ फिरवायची. एकट्याला टँडेम चढवायची असेल तर ही फिरती पकड पैसे वसूल करते. दोघं नेहमी असणार असाल तर तिच्यावाचून चालतं.

घेण्याआधी चिमट्याचं टोक मोजा. क्विक रिलीजवाल्या (खटक्याने सुटणाऱ्या) चाकासाठी चिमट्याला ९ मिमीची खाच आणि १०० मिमी रुंदी असते. डिस्क ब्रेकवाल्या नव्या टँडेमना आरपार आस असतो, १२ किंवा १५ मिमीचा, रुंदी १०० किंवा ११०. त्याला वेगळी पकड किंवा जोड लागतो. नट-बोल्टवाल्या स्वस्त टँडेमची खाच व्हर्नियरने मोजून घ्या. खाच बारीक असेल तर पकडीचा दांडा शेवटपर्यंत बसत नाही, वरच्यावर टेकतो, आणि तो पहिल्या गतिरोधकाला निसटतो. कार्बनचा चिमटा असेल तर सायकल बनवणाऱ्याने चिमट्यावर पकडायला परवानगी दिली आहे का ते आधी पाहा.

उद्यमबागेत ट्रे करून घेताना

बाहेरचा ट्रे महाग पडतो आणि मागवावा लागतो. बेळगावात उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत हाताशी असताना तो बनवून घेणं अगदी शक्य आहे. फक्त माप आणि जाडी फॅब्रिकेशनवाल्यावर सोडू नका, कागदावर लिहून द्या.

लांबी दोन मीटर. पकडीपुढे १० सेंमी आणि मागच्या चाकाच्या टेकण्यापलीकडे किमान १५ सेंमी उरायला हवेत. वर ॲल्युमिनियमची ६० × ३० मिमीची, ३ मिमी जाडीची चॅनेल. तिच्यात ४५ मिमीपर्यंतचा टायर बसतो. नुसती चॅनेल पुरत नाही. मागचं चाक मागच्या बारच्या ६०-७० सेंमी पलीकडे लटकतं आणि खड्ड्यात त्या टोकावरचा भार तिप्पट होतो. ३० मिमी उंचीची उघडी चॅनेल बारच्या वर, जिथे बोल्टसाठी भोक पाडलेलं असतं, नेमकी तिथेच वाकते किंवा चिरते. म्हणून तिच्याखाली पूर्ण लांबीची ४० × २० मिमीची, २ मिमी जाडीची एमएस (साध्या लोखंडाची) पाइप, ४० ची बाजू उभी. दोन्ही मिळून साडेपाच किलो.

बारच्या जागी चॅनेलला किंवा पाइपला भोक पाडू देऊ नका. ८ मिमीचे यू-बोल्ट खालून बारला घालून, वर ५ मिमीच्या पट्टीने पाइप दाबून धरायची. नट नायलॉकचेच (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे), साधा नट आणि स्प्रिंग वॉशर घाटाच्या हादऱ्यात टिकत नाही. चॅनेल आणि पाइप जोडायला ६ मिमीचे बोल्ट दोन्ही टोकांजवळ आणि पुढच्या भागात घ्या, मागच्या बारपासून लांब. पाणी जायला छिद्रंही टोकांकडेच.

ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना उघडे टेकले की पावसाळ्यात सांध्यात पांढरी भुकटी धरते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कणकुंबीच्या पावसात हे एका मोसमात दिसतं. पाइपला प्राइमर आणि रंग, मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी.

बसवताना पुढची पकड पुढच्या बारच्या २५ ते ३५ सेंमी पुढे ठेवा. त्याहून पुढे नेली तर काचेवर लटकणारा भाग वाढतो आणि ब्रेक मारल्यावर मागचा पाय उचलला जातो. मागचं टोक डिकीचं दार उघडल्यावर आपटत नाही ना, हे सायकल नसताना बघून घ्या. पात्यासारखा अँटेना मध्यभागी असेल तर ट्रे १०-१५ सेंमी बाजूला घ्या. उचलायला सोपं म्हणून तो अगदी डाव्या कडेला नेण्याचा मोह होतो, पण आपण डावीकडून चालतो आणि जांबोटीच्या पुढे फांद्या डावीकडूनच रस्त्यावर येतात. हँडल त्यांना लागतं. मध्याच्या जवळच बरं.

क्रँक टपाला का लागतो

साध्या सायकलला न येणारा हा त्रास टँडेमला हमखास होतो. पुढचं चाक काढून चिमटा पकडीत बसवला की सायकलचं पुढचं टोक जवळपास २५ सेंमी खाली येतं. पुढच्या स्वाराचा क्रँक (पॅडल ज्या दांड्याला असतं तो) त्या टोकापासून ६० सेंमीच मागे असल्याने तोही १६ सेंमी उतरतो. जमिनीपासून २७-२८ सेंमी असणारा त्याचा मध्य ट्रेपासून ११-१२ सेंमीवर येतो, आणि क्रँकचा हात १७ सेंमीचा. खाली वळला की पॅडल टपाला किंवा आडव्या बारला लागणारच. दोन्ही क्रँक जोडचेनने बांधलेले असतात, त्यामुळे एक फिरला की दुसराही. मागे फिरताना फ्रीव्हील अडवत नाही, म्हणून हादऱ्याने तो स्वतःच फिरत राहतो.

उपाय सोपा: क्रँक आडवे करा आणि मागच्या स्वाराचा डावा क्रँक चाकाकडे जाणाऱ्या खालच्या पाइपला वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधा. एक बांधला की चारही जागेवर. चेनरिंगचे दात बारपासून दोन-तीन सेंमी सुटतात ना, तेही बोटाने बघा. सुटत नसतील तर पकडीखाली ५ सेंमीचा ठोकळा घाला.

बांधणी

डिस्क ब्रेक असेल तर पुढचं चाक काढल्याबरोबर पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा घडी केलेला पुठ्ठा घाला. हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर चुकून दाबला गेला तर पॅड मिटतात आणि उतरवल्यावर रोटर (ब्रेकची चकती) आत जात नाही.

मागच्या चाकाला दोन पट्टे, आसाच्या पुढे एक आणि मागे एक, मध्ये हातभर नाही पण वीतभर अंतर. एका पट्ट्यावर चाक कोनात फिरतं, दोनावर फिरत नाही. मग मागच्या सीटच्या उभ्या पाइपपासून मागच्या आडव्या बारच्या दोन टोकांना एक-एक पट्टा तिरका, दोन्हीकडे सारखा ताण. शेपटीचं झुलणं थांबवणारे हेच दोन पट्टे, आणि बहुतेकांच्या बांधणीत नसतात तेही हेच. पाइपला आधी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. ब्रेक-गिअरच्या केबलवरून पट्टा घेऊ नका.

पट्टे २५ मिमीचे, पॉलिस्टरचे, दाताच्या बकलचे. नायलॉनचा पट्टा ओला झाला की लांबतो. पावसात बेळगावात घट्ट असलेला पट्टा घाटमाथ्यावर ढिला सापडतो त्याचं हे एक साधं कारण. रबरी हुकाचे दोर फक्त सुटं टोक आवरायला. रॅचेट ट्रे बारला बांधायला चालतो, सायकलच्या पाइपवर नको. त्याची ताकद पातळ पाइप चेपवायला पुरेशी असते.

महामार्गावर पट्टा घुं-घुं वाजत असेल तर तो सैल आहे असं नाही, सपाट पट्टी वाऱ्यात थरथरते. बांधताना एक-दोन पीळ द्या, आवाज जातो.

उंची

अर्टिगा १६९ सेंमी, बार आणि ट्रे १३, त्यावर सायकल. सगळ्यात उंच येते ती मागच्या स्वाराची सीट, कारण मागचा भाग खाली उतरत नाही. मिळून २७० सेंमीच्या आसपास. मागची सीट पूर्ण खाली दाबली तर १०-१५ सेंमी वाचतात. सायकल चढवून टेपने मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. हॉटेलांचं तळघरातलं पार्किंग, रेल्वेखालचे बुटके रस्ते, गावाच्या कमानी, आणि गणपतीच्या दिवसांत गल्लीवर बांधलेले मांडव व दिव्यांच्या माळा, या सगळ्यांना हा आकडा लागतो.

वाटेत आणि उतरवताना

निघाल्यावर १० ते १५ किलोमीटरवर पहिला थांबा, सगळे पट्टे आणि पकड हाताने तपासून. नवे पट्टे पहिल्यांदा थोडे ढिले पडतातच. घाट लागण्याआधी जांबोटीला एकदा, उतरल्यावर एकदा. आंबोलीकडे जात असाल तर घाटाच्या तोंडाशी. महामार्गावर ८० च्या वर जाऊ नका. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० ला तो ८० च्या दीडपटीहून जास्त होतो.

गाडीवर न्यायची वेळ वर्षातून एखाद्या वेळीच येत असेल तर या सगळ्यापेक्षा छोटा हत्ती ठरवणं स्वस्त. हौदा सात फुटांच्या आसपास असतो. टँडेम तिरकी ठेवून, खाली गोधडी घालून, चार कोपऱ्यांना बांधली की मावते.

उतरवताना आधी तिरके पट्टे, मग चाकाचे पट्टे, आणि एकाने मागून रिम धरल्यावरच चिमट्याची पकड. उलट केलं तर सायकल एका बाजूला कलंडते आणि चिमट्याची खाच वाकते. गाडी उतारावर उभी असेल तर ती आधी सपाटीवर घ्या. पुढचं चाक बसवल्यावर आस खाचेत दोन्हीकडे पूर्ण गेला आहे, खटका पूर्ण मिटला आहे, आणि रोटर पॅडला न घासता फिरतो हे बघा. मग दोघांनी बसण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे रेटून पाहा. चिमट्यात टक-टक आवाज आला तर चाक पुन्हा काढून बसवा.